कॉक्रेन लायब्ररी वापरून बघितली, सविस्तर रिव्ह्यू (फुकट आहे, कंटाळवाणी आहे, तरी वापरा)

स्टार आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. एक कापला तो मराठी नाही म्हणून आणि मोबाईलवर टेबल उघडताना जीव जातो म्हणून. घरात कोणाला काही झालं की फोन मला येतात, मी डॉक्टर वगैरे नाही हां, कॉमर्सवाला माणूस, फक्त वाचायची खोड आहे, त्यामुळे ही साइट गेली काही वर्षं बऱ्यापैकी वापरतोय आणि मराठीत तिच्याबद्दल कोणी फार लिहिताना दिसत नाही, म्हणून हा प्रपंच.

लायब्ररी म्हटलं तरी तिथे पुस्तकं नाहीत. एखाद्या उपचारावर जगभरात जेवढ्या ट्रायल (म्हणजे उपचार माणसांवर करून बघायच्या चाचण्या) झाल्यात तेवढ्या सगळ्या शोधायच्या, छापलेल्या आणि न छापलेल्यासुद्धा, त्यातल्या ढिसाळ कुठल्या ते बघायचं, उरलेल्यांचे आकडे जमतील तसे एकत्र करायचे आणि सांगायचं की हे लागू पडतं का, किती पडतं आणि आमची स्वतःची खात्री किती आहे. या सगळ्या खटाटोपाला ते रिव्ह्यू म्हणतात, आणि असे रिव्ह्यू म्हणजेच ही लायब्ररी. ही खात्रीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. प्रत्येक निकालापुढे जास्त, मध्यम, कमी नाहीतर खूपच कमी असं लिहिलेलं असतं. यूट्यूबवरच्या एकातरी आरोग्यगुरूने कधी म्हटलंय का की मी सांगतोय ते बरोबर असेल याची खात्री कमी आहे म्हणून?

नाव पडलंय आर्ची कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरवरून. दुसऱ्या महायुद्धात हा जर्मनांच्या कैदेत होता, छावणीत टीबीचे पेशंट बघायचा आणि त्याला कळायचंच नाही की आपण जे करतोय त्याने माणसं वाचतायत की उलट लवकर जातायत. पुढे ब्रिटनमध्ये एक ट्रायल चालू होती, हार्ट अटॅकच्या पेशंटला घरी ठेवायचं की हॉस्पिटलच्या खास युनिटमध्ये. सुरुवातीच्या आकड्यांत घरचे किंचित बरे निघाले, फरक फार नव्हता. या पठ्ठ्याने मीटिंगला दोन रिपोर्ट नेले, पहिल्यात आकडे मुद्दाम उलटे केलेले, म्हणजे हॉस्पिटल बरं असं दिसेल असे. झालं, हार्टवाले डॉक्टर तुटून पडले, ट्रायल आत्ताच्या आत्ता बंद कर, हे अनैतिक आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग माफी मागून खरा रिपोर्ट काढला आणि विचारलं, आता हार्टची युनिटं बंद करायची का? सगळे चिडीचूप. (यावरून कोणी छातीत दुखत असताना घरी बसू नका, तेव्हा आजच्यासारखी अँजिओप्लास्टी नव्हती.) त्याच्याच विचारावर १९९३ मध्ये ऑक्सफर्डच्या आयन चाल्मर्स यांनी ही लायब्ररी चालवणारी कॉक्रेन संस्था उभी केली. आपल्या देशात तिचं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून चालत आलंय.

आता मुद्द्याचं. माझं एकच म्हणणं आहे आणि माझा हा रिव्ह्यू लांबला तरी फिरून फिरून तेच येणारे: तिथे गेल्यावर निकालाची ओळ वाचून पळू नका, निकाल कोणावर लागलाय ती ओळ वाचा. खरी किंमत त्या ओळीला आहे.

त्यांचा लोगोच घ्या ना. गोलात आडव्या रेघा आणि खाली पत्त्यांतल्या चौकटसारखी एक खूण, हा काही डिझायनरने काढलेला नक्षीचा तुकडा नाही, तो खरा ग्राफ आहे. बाळंतपण वेळेआधी होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं म्हणजे बाळाची फुप्फुसं तयार होतात, यावरच्या ७ ट्रायलचे निकाल म्हणजे त्या रेघा. पहिली ट्रायल न्यूझीलंडमध्ये झाली, १९७२ ला छापून आली. पण सगळ्या ट्रायल एकत्र मांडून बघायचं काम १९८९ पर्यंत कोणी केलंच नाही, त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांना हे इंजेक्शन इतकं कामाचं आहे हे माहीतच नव्हतं, आणि तोपर्यंत हजारो बाळं उगाच गेली. लोगो म्हणून हे लावणं म्हणजे विसरू नका असं स्वतःलाच बजावणं झालं, मला आवडलं.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्यात आपलं नागपूर आहे. हेच इंजेक्शन गावपातळीवर, साध्या दवाखान्यांतून जास्तीत जास्त बायकांपर्यंत पोचवलं तर काय होईल यावर सहा देशांत मोठी ट्रायल झाली, भारतातल्या जागा बेळगाव आणि नागपूर, निकाल आला २०१५ च्या सुमारास. सगळ्यांची अपेक्षा की बाळं वाचणार. झालं भलतंच. सगळ्यात बारकी बाळं जी वाचायला हवी होती त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत आणि एकंदर सगळी बाळं धरली तर थोडे वाढलेच. का, तर कितवा आठवडा चाललाय हे नीट ठरवायला सोनोग्राफी सगळीकडे नाही, इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांचं बाळ कमी वजनाचं निघालंच नाही, आणि काही आयांना इन्फेक्शन वाढल्याचंही दिसलं. मग डब्ल्यूएचओने दुसरी ट्रायल केली, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया, पण यावेळी फक्त अशी हॉस्पिटलं जिथे सोनोग्राफीने दिवस मोजता येतात आणि नवजात बाळाची काळजी घ्यायची सोय आहे. २०२० चा निकाल, बाळांचे मृत्यू शंभरात २३.५ वरून १९.६ वर. औषधाचा प्रकार तोच, देशसुद्धा आपलाच. बदललं काय तर कोणाला आणि कुठे दिलं एवढंच.

हे डोक्यात बसलं की साइट वाचायची पद्धतच बदलते.

आमच्या घरचं उदाहरण सांगतो. आईचे गुडघे. आम्ही मिरजेच्या बाजूचे, म्हणजे हॉस्पिटलांना तोटा नाही, गल्लीगणिक बोर्ड. एका ठिकाणी एमआरआय काढला, आत गादी फाटलीये आणि झीज आहे, दुर्बिणीतून साफ करून घेऊ, दोन दिवसांत घरी. आई तयारच होती, शेजारच्या काकूंनी केलं होतं ना! मी रात्री बसून कॉक्रेनचा २०२२ चा रिव्ह्यू काढला. झिजेच्या गुडघ्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन, १६ ट्रायल, दोन हजारांवर माणसं. यातल्या काही ट्रायल कशा केल्यात बघा, काही पेशंटना थिएटरात नेलं, भूल दिली, वरून कातडीला चिरा मारल्या, टाके घातले आणि आत दुरुस्ती काहीच केली नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला माजी सैनिकांवर अशी एक झाली २००२ मध्ये, नंतर फिनलंडमध्ये. पेशंटला माहीत नाही खरं झालं की खोटं. आणि शेवटी दुखण्यात फरक किती, तर १०० पैकी साधारण ५ गुण. म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका.

आता कोणावर, ती ओळ. ही सगळी साधारण मध्यमवयीन आणि पुढची, झिजेची माणसं. पोरगा कबड्डी खेळताना पडला आणि गुडघा अडकून बसला, सरळच होत नाही, त्याच्यासाठी हा निकाल नाही. आईसाठी मात्र तंतोतंत.

प्रिंट काढली आणि परत गेलो. मला वाटलं डॉक्टर चिडणार, बऱ्याच जणांना कागद दाखवलेला आवडत नाही. हे बिचारे कागदाकडे बघून हसले आणि म्हणाले, "अहो हे आम्हाला माहिती असतं, पण पेशंटला काहीतरी केलेलं लागतं. नुसता व्यायाम सांगितला की दुसरीकडे जातात." म्हटलं आम्ही नाही जाणार, व्यायाम सांगा. मग फिजिओथेरपी. मांडीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचा. आई सिरियल बघता बघता करते, जाहिरात लागली की चालू, सिरियल सुरू झाली की दहा मोजायच्या ऐवजी चारातच सोडते. व्यायामाचाही रिव्ह्यू आहे तिथे, २०२४ चा, १३९ ट्रायल, फरक पडतो पण तोही प्रचंड नाही, खोट्या उपचाराच्या तुलनेत १०० पैकी ८-९ गुण, आणि पेशंटच्या दृष्टीने एवढा फरक पुरेसा आहे का याबद्दल रिव्ह्यूवाले स्वतःच साशंक आहेत. आईचं विचाराल तर बाजारात जाऊन येते, जिना अजून त्रास देतो. ऑपरेशनचा खर्च वाचला हे वडिलांच्या दृष्टीने मुख्य.

घशाचं बघा. घसा दुखला की अँटिबायोटिक हा आपल्याकडे नियमच झालाय, मेडिकलवाला चिठ्ठी न बघता तीन दिवसांच्या गोळ्या देतो. रिव्ह्यू म्हणतो अँटिबायोटिकने त्रास सरासरी १६ तासांनी कमी होतो, न घेतलेल्यांपैकीही ८२ टक्के लोक आठवड्यात ठणठणीत. १६ तासांसाठी पोट बिघडवून घ्यायचं का तुम्हीच ठरवा. पण इथेही खाली वाचा. काही घसेदुखीनंतर र्‍हुमॅटिक फिवर होतो आणि लहान वयात हार्टच्या झडपा खराब होतात, अँटिबायोटिकने तो धोका दोन तृतीयांशाहून जास्त घटतो असं त्याच रिव्ह्यूत आहे, आणि हे आकडे बरेचसे १९५० च्या दशकातल्या ट्रायलचे आहेत. युरोपात हा आजार जवळपास संपलाय म्हणून तिथला माणूस म्हणेल सोडून द्या. आपल्याकडे संपलेला नाही, सरकारी हॉस्पिटलात झडपांचे पेशंट अजून दिसतात. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या पोराला ताप, घशात पांढरं, गळ्यात गाठी असं असेल तर कॉक्रेनचा दाखला देऊन डॉक्टर टाळू नका प्लीज. चाळिशीतल्या माणसाला सर्दीबरोबर घसा खवखवतोय तर मिठाच्या गुळण्या करा आणि पडून राहा.

मग फुल बॉडी चेकअप. ऐंशी टेस्ट अमुक रुपयात, घरी येऊन रक्त नेणार, वाढदिवसाला आईबाबांना गिफ्ट द्या वगैरे मेसेज रोज येतात. २०१९ चा रिव्ह्यू आहे, १७ ट्रायल, अडीच लाख माणसं, धडधाकट लोकांची सरसकट तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का? नाही. कॅन्सरचे नाहीत, हार्टचे नाहीत. मला हा वाचून फार आनंद झाला होता, ग्रुपवर टाकला पण. पण हे युरोप-अमेरिकेतले लोक, ज्यांचे डॉक्टर एरवीसुद्धा बीपी बघतातच. आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाने बीपी कधी मोजलेलंच नसतं. त्यामुळे माझं मत, बीपी आणि शुगर बघून घ्या, बाकी ती ऐंशी टेस्टची माळ नको, त्यातलं एखादं काहीतरी वरखाली निघतं आणि मग पुढच्या टेस्टांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं.

आणि सगळ्या तपासण्या वाया असंही नाही. आपल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात झालेली ट्रायल जगभर सांगतात, बार्शीच्या कॅन्सर केंद्राने टाटा हॉस्पिटलसोबत केलेली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका, गावंच्या गावं गटांत वाटलेली, एका गटाला आयुष्यात एकदा एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) टेस्ट. २००९ मध्ये निकाल आला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे. एका टेस्टने! तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिलीच नाही यावरून पुढे बरीच टीका झाली आणि ती मला पटते, पण निकाल निकाल आहे, आणि तो मराठवाड्यातल्या शेतात राबणाऱ्या बायकांवर लागलेला आहे, डेन्मार्कमधल्या नाही. चेकअपच्या पॅकेजात ही टेस्ट आहे का बघा जरा, माझ्याकडे आलेल्यांत तरी नव्हती.

पुणेकरांना २००९ चा स्वाइन फ्लू आठवत असेल. देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ऑगस्टमध्ये, मग शाळा बंद, मॉल बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, तोंडाला रुमाल, कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आणि एकच नाव सगळ्यांच्या तोंडी, टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूवरचं औषध. त्याच वर्षी तिकडे काय चाललं होतं तर केइजी हायाशी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञाने कॉक्रेनला कॉमेंट टाकली की तुमच्या टॅमीफ्लूच्या रिव्ह्यूतला गुंतागुंत टळते हा निष्कर्ष एका पेपरवर उभा आहे, त्यात १० ट्रायल आहेत आणि त्यातल्या ८ कुठे छापूनच आलेल्या नाहीत, तुम्ही बघितल्यात का? नव्हत्या बघितल्या. झटकून न टाकता त्यांनी कंपनीकडे मूळ कागद मागितले, ते मिळवायला वर्षं गेली, दीड लाखावर पानं उपसली आणि २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसांत लक्षणं ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत जातात, हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण कमी होतं असं दिसत नाही, उलट्या मळमळ मात्र वाढते. तोवर एकट्या ब्रिटनने ४० कोटी पौंडांहून जास्तीचं टॅमीफ्लू साठवून ठेवलं होतं. (परत तेच, या ट्रायलमध्ये बहुतेक साध्या फ्लूची, एरवी तब्येतीने बरी माणसं होती. आयसीयूतल्या पेशंटला डॉक्टर ते देत असतील तर लगेच भांडायला जाऊ नका.) वाचकाच्या एका कॉमेंटवर पाच वर्षं राबणारी साइट मी तरी दुसरी बघितली नाही.

आता तक्रारी, त्या भरपूर आहेत.

एक तर उशीर. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविड होवो न होवो आयव्हरमेक्टिन (एरवी जंतांवर देतात ते औषध), १२ मिलीग्रॅम, पाच दिवस. कॉक्रेनचा रिव्ह्यू आला जुलैच्या शेवटी, की यावर विश्वास ठेवावा असा पुरावा नाही. त्यांच्या मानाने हे फार झटपट झालं, पण साथीत ते अडीच महिने म्हणजे काय हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

दुसरं, सारांशाची भाषा. सामान्य माणसासाठी सोपा सारांश असतो, चांगली सोय आहे, पण कधीकधी इतका सावध लिहितात की कोणीही हवा तो अर्थ काढावा. २०२३ मध्ये मास्कवरचा रिव्ह्यू आला आणि जगभर बातम्या, मास्क निरुपयोगी सिद्ध. शेवटी मुख्य संपादिकेला खुलासा द्यावा लागला की असा अर्थ काढणं चुकीचं आहे, लोकांना मास्क घालायला सांगितल्याने फरक पडला का एवढंच तपासलंय आणि त्यावरही ठाम उत्तर नाही. आणि "आणखी संशोधनाची गरज आहे" हे वाक्य तर इतक्या वेळा येतं की शिक्काच करून ठेवलाय वाटतं. संस्थेत राजकारणही आहे, २०१८ मध्ये पीटर गोत्शे या जुन्या डॅनिश सदस्यालाच बाहेर काढलं, त्यावरून राजीनामे, आरोप, सगळं रीतसर झालं. वाचणाऱ्याला त्याने फार फरक पडत नाही पण कोणी यांना देवमाणसं समजू नये म्हणून सांगितलं.

तिसरं, भाषा. इंग्रजी, स्पॅनिश, जपानी, आपल्या देशातली तामिळ आहे, मराठी नाही. आमच्या मावशीला मी फोनवर भाषांतर करून सांगतो आणि ती म्हणते तूच बनवून सांगतोयस.

चौथं, वापरायला अवघड. गोळीच्या ब्रँडचं नाव टाकून शोधायला जाऊ नका, पाकिटावर बारीक अक्षरात मूळ औषध असतं ते टाका. मोबाईलवर टेबल अर्धवट कापलं जातं, मग बोटाने डावीकडे उजवीकडे सरकवत बसा आणि मधेच सगळं वर उडी मारतं. पूर्ण रिव्ह्यूची पीडीएफ शंभर पानांच्या वर सहज जाते, ती उघडूच नका, सोपा सारांश आणि निकालांचा तक्ता एवढं पुरे. पैशाचं म्हणाल तर सारांश सगळ्यांना फुकट, पूर्ण रिव्ह्यूही छापून वर्ष झालं की बहुतेक उघडा होतो. मध्यंतरी, २००७ पासून, आयसीएमआरने (सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने) सगळ्या देशाची वर्गणीसुद्धा भरली होती. माझं तरी आजवर पैशाविना काही अडलं नाही.

नवीन असाल तर मधाच्या रिव्ह्यूपासून सुरुवात करा, लहान मुलांचा खोकला आणि मध, छोटा आहे, ६ ट्रायल, काहीच न देण्यापेक्षा मध बरा आणि खोकल्याच्या नेहमीच्या एका औषधाइतकाच निघतो. फक्त तिथेसुद्धा कोणावर ते बघा, एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोट्युलिझमचा (एका जंतूमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो, म्हणजे आपली मधात उगाळलेली बाळघुटी बाद. हे मी भाचीच्या बारशाला सांगितलं आणि मावशी तासभर बोलली नाही. सर्दीत वाफ घेण्यावरचाही आहे, चंदीगडच्या डॉक्टरांनी केलेला, सहा ट्रायल मिळून चारशेसुद्धा माणसं नाहीत आणि फायदा होतो असं काही दिसत नाही. तो मी घरात अजून कोणाला दाखवलेला नाही.